भात्याचे कातडे : धातुविद्येच्या इतिहासातील न दिसणारे हात

मंडईत आलेला माणूस भाजी घेतो आणि जातो. या इमारतीच्या भोवती धातूचाही एक मोठा बाजार पसरलेला आहे, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत खिळे, बिजागऱ्या, साखळ्या आणि तारा यांची दुकाने आहेत. तुळशीबागेत पितळेचे देव, समया आणि भातुकलीची इवली भांडी आहेत. तेथून थोडे पुढे कसबा पेठेत तांबट आळी आहे आणि तिथे तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्याचा नाद गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. या परिसराचा इतिहास लिहिणारे लोक पेशव्यांविषयी लिहितात, वाड्यांविषयी लिहितात, गणपतींविषयी लिहितात. धातू घडवणाऱ्यांविषयी लिहिलेच तर 'पारंपरिक कला' या मथळ्याखाली चार ओळी लिहितात.

मंडईची इमारत १८८६ सालची. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. हे नाव देण्यात एक उपरोध आहे आणि एक औचित्यही आहे. उपरोध असा की, १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनी बाजाराच्या इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, अशी भूमिका घेतली होती. औचित्य असे की, जोतीराव हे धातूच्या व्यवहारातले माणूस होते. १८६३ च्या सुमारास त्यांनी ओतकामाला लागणारी साधने पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. 'गुलामगिरी' लिहिणाऱ्या माणसाला भट्टी कशी पेटते आणि साच्यात रस कसा पडतो हे ठाऊक होते. ज्ञान पोथीत असते तसे ते हातातही असते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत प्राचीन धातुकामाचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे बराच पुढे गेला. त्यातून काय हाती आले, काय निसटले, आणि जे निसटले त्याच्याशी आपला संबंध काय, हे पाहावयाचे आहे.

२

प्रथम हा अभ्यास होतो कसा ते समजून घेऊ. उत्खननात सापडलेल्या कुऱ्हाडीचा अथवा बांगडीचा बारीकसा तुकडा कापून घेतात, तो राळेत बसवतात, आरशासारखा घासून लख्ख करतात आणि त्यावर सौम्य रसायन लावतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण दिसू लागतात. वितळलेला रस साच्यात ओतून वस्तू तशीच ठेवली असेल, तर कण झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले दिसतात. थंड अवस्थेत ठोकली असेल, तर कण दाबले जातात, लांबट होतात, त्यांवर बारीक रेघा उमटतात. ठोकून पुन्हा तापवली असेल, तर कण नव्याने जुळतात आणि त्यांत सरळ जुळ्या पट्ट्या दिसतात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आधी ओतले, मग ठोकले, मग तापवले, की शेवटी नुसते ठोकून सोडून दिले, हे सारे त्या तुकड्यात नोंदलेले असते. त्या कारागिराला अक्षर येत नसेल. परंतु त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद धातूने ठेवलेली आहे.

याला जोडून आणखी तपासण्या होतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूत कथील किती, शिसे किती, सोमल किती हे काढता येते. शिशाच्या समस्थानिकांवरून धातू कोणत्या खाणीतला असावा याचा माग काढता येतो. भट्टीजवळ पडलेल्या मळीवरून भट्टी किती तापली होती, खनिज कसले होते, हे सांगता येते.

आता तांबट आळीत काय चालते ते पाहा. तांब्याचा पत्रा ठोकला की तो ताठर होतो. फार ठोकला तर चिरतो. म्हणून कारागीर तो मधूनच भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, मऊ करतो आणि पुन्हा ठोकतो. हंडा, घंगाळ, बंब, कळशी यांचा आकार पुरा झाला की शेवटी मठारकाम होते. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, सारख्या जोराचे ठोके. त्या ठोक्यांच्या खळग्यांवर उजेड चमकतो म्हणून आपण त्याला नक्षी समजतो. वस्तुतः ती नुसती शोभा नव्हे. त्या ठोक्यांनी पातळ पत्र्याला अखेरचा ताठपणा येतो आणि भांडे सहजी पोचत नाही. प्रयोगशाळेतील माणूस सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहतो, ते तांबट आपल्या मनगटाने आणि कानाने ओळखतो. दोघांचे ज्ञान एकाच वस्तूचे आहे. एकाला त्यासाठी पदवी मिळते आणि दुसऱ्याच्या ज्ञानाला 'हातचलाखी' म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती पुढे लागणार आहे. तांब्याच्या कणाला ठोका कळतो, उष्णता कळते. ठोकणाऱ्याची जात त्याला कळत नाही. योग्य वेळी योग्य तापमान देणारा कोणीही असो, कण तसाच जुळतो.

३

पुण्याच्या परिसरातील प्राचीन धातुकामाचा इतिहास डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उजेडात आणला. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-५१ साली संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हा तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. पुढे १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे मोठे उत्खनन झाले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातले हे शेतकऱ्यांचे गाव. त्यांची रोजची हत्यारे मुख्यतः दगडी पात्यांची होती, तांबे थोडे आणि मोलाचे होते. याचे कारण भूगोलात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांब्याच्या मोठ्या खाणी नाहीत. म्हणजे तांबे लांबून यायचे, आणि जे लांबून येते ते थोड्यांच्या हाती राहते.

इनामगावच्या घरांच्या मांडणीविषयी डॉ. म. के. ढवळीकर यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे. सधन शेतकऱ्यांची घरे गावाच्या मधल्या भागात आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. यावरून तेव्हा जाती होत्या असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. भट्टीचा धूर आणि आग गावापासून दूर असावी, एवढाच हेतू असू शकतो. तरी प्रश्न मनात राहतोच. धुरासाठी कडेला ठेवलेला माणूस पुढे कधी तरी धर्मासाठी कडेला ठेवला गेला. ही वाटचाल कशी झाली, हे मातीच्या थरांवरून कळत नाही. त्यासाठी दुसरी साधने तपासावी लागतात.

१९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) चार भरीव धातुशिल्पे मिळाली : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. नुसता रथच सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. तांबे दुर्मिळ असलेल्या प्रदेशात एवढे तांबे एका ठिकाणी यावे, ही असाधारण गोष्ट. ही शिल्पे कोणत्या काळातली, याविषयी विद्वानांत मतभेद झाले. ढवळीकर आदींनी ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडली. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली, कारण पृथक्करणात त्यांत एक टक्क्याहून अधिक सोमल आढळला आणि त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंशी हे जुळत नव्हते. धातूचे रसायनशास्त्र इतिहासाच्या वादात कसे साक्ष देते, याचे हे चांगले उदाहरण आहे. आणखी एक गोष्ट. ही शिल्पे कोणा संशोधकाच्या कुदळीला लागली नाहीत. झुडपाची मुळे खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला ती सापडली. आपल्या प्राचीन इतिहासातील एक मोठा ठेवा एका आदिवासी माणसाच्या हातून जगापुढे आला. किती पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट दिली आहे?

लोखंडाची कथा विदर्भात आहे. माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा, भागीमहारी येथील शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे साज मिळाले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या दरम्यान डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच उघडकीस आली. इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी तेथील लोहनिर्मितीचा अभ्यास केला. भट्टीजवळ मळी होती आणि वारा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या होत्या.

नळ्या होत्या, मग वारा कशाने घातला?

४

या प्रश्नाचे उत्तर उत्खननात सापडत नाही, कारण ते कातड्याचे होते. नुसत्या उघड्या विस्तवाने खनिजातले लोखंड सुटत नाही. त्यासाठी भट्टी सुमारे बाराशे अंशांपर्यंत न्यावी लागते आणि तासन् तास तिथेच धरावी लागते. शुद्ध तांबे वितळायलाही १०८५ अंश लागतात. ही उष्णता कोळसा आणि वारा मिळून देतात, आणि वारा देतो भाता. गावच्या लोहाराचा भाता कातड्याचा असे. कातडे कमावणारा ढोर. मेलेले जनावर गावातून ओढून नेणे हे महारावर लादलेले काम. भात्याला आणि मोटेला लागणारा दोर वळणारा मांग. म्हणजे लोखंडाच्या प्रत्येक फाळात, प्रत्येक कुऱ्हाडीत, किल्ल्याच्या दाराच्या प्रत्येक खिळ्यात जो श्वास फुंकला गेला, तो अस्पृश्याने कमावलेल्या कातड्यातून गेलेला आहे. देवळाच्या घंटेचा रस ज्या विस्तवावर झाला, त्या विस्तवालाही अशाच भात्याचा वारा लागत असे. घंटा पवित्र झाली आणि भात्याचे कातडे कमावणारा बाहेर राहिला.

कोळशाचेही असेच आहे. लाकूड झाकून जाळून कोळसा पाडणे हे कौशल्याचे काम आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कातकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या ते करीत आले, आणि उचल देऊन त्यांना कोळशाच्या भट्ट्यांवर बांधून ठेवण्याचा प्रकार आपल्या काळापर्यंत चालत आलेला आहे.

पुरातत्त्वाला दोष देण्याचा हेतू येथे नाही. जे टिकते तेच त्याला सापडणार. मळी टिकते, नळी टिकते, धातू टिकतो. कातडे कुजते, दोर कुजतो, घाम वाळतो. पण म्हणूनच केवळ टिकलेल्या वस्तूंवरून जो इतिहास लिहिला जातो, तो आपोआप एका बाजूला झुकतो. दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण घ्या. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, आणि सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असून गंजलेला नाही. कानपूरच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की लोखंडातील स्फुरदाचे जादा प्रमाण पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार करते. हे प्रमाण का राहिले? कारण भट्टी लावणाऱ्यांची रीतच तशी होती. स्तंभावर राजाची कीर्ती कोरलेली आहे. ज्यांच्या रीतीमुळे ती कीर्ती वाचायला आज शिल्लक आहे, त्यांचे एकही नाव तिथे नाही.

राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे १९८३ साली जस्त गाळण्याच्या भट्ट्या उजेडात आल्या. एका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी मांडलेल्या होत्या. जस्त ९०७ अंशांना वाफ होऊन उडून जाते. ती वाफ पकडून थंड करण्याची युक्ती तेथील कामगारांना युरोपच्या आधी साधली होती. संस्कृत रसग्रंथांत अशा मुशीचे वर्णन येते. ग्रंथकर्त्याचे नाव आपण आदराने घेतो. ३६ मुशी एका वेळी लावणाऱ्यांना नाव नाही.

५

कोणी म्हणेल, कारागिराचे नाव लिहिण्याची पद्धतच प्राचीन काळी नव्हती. हे खरे नाही. पुण्याच्या उत्तरेस जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांतल्या एका लेखात भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. ही ठेव दोन श्रेणींकडे सोपवलेली आहे : एक 'वसकार' म्हणजे बांबूचे काम करणाऱ्यांची आणि दुसरी 'कासाकार' म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांची. संघाचा पैसा बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे विश्वासाने ठेवला जात होता, याचा अर्थ समाजात त्यांची पत होती. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचे दान नोंदलेले आहे. तो स्वतःला 'कामार', म्हणजे लोहार, म्हणवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आणि तथागतांचे अखेरचे भोजन? ते पावा येथे चुंद कम्मारपुत्ताच्या घरी झाले. कम्मार म्हणजे धातुकाम करणारा. त्या भोजनानंतर भगवान आजारी पडले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याचे दान श्रेष्ठ आहे, असे त्यांनी आनंदाला बजावले. महापरिनिब्बान सुत्तात ही हकीकत आहे.

आता याच्या शेजारी मनुस्मृती ठेवा. जुन्नरच्या लेखांचा काळ आणि मनुस्मृतीचा काळ विद्वानांच्या मते फारसा दूर नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत 'कर्मार' म्हणजे लोहार आहे, सोनार आहे, आणि 'वेण' म्हणजे बांबूचे काम करणाराही आहे. जुन्नरला ज्या प्रकारच्या कारागिरांकडे संघ आपली ठेव सोपवतो, त्याच प्रकारच्या कारागिरांचे अन्न मनू निषिद्ध ठरवतो. चुंदाच्या घरी बुद्ध जेवतात. मनूच्या शिष्याला तिथे पाणी पिण्याचीही मुभा नाही. एकाच देशात, जवळजवळ एकाच युगात, श्रमाविषयीच्या या दोन नीती समोरासमोर उभ्या होत्या. त्यांतली कोणती जिंकली, हे सांगायला नको.

हे केवळ अस्पृश्यांपुरते नव्हते. पेशवाईत सोनारांनी 'नमस्कार' असे अभिवादन करावे की नाही, यावर राजसत्तेने हस्तक्षेप केला, आणि १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारनेही तसा मनाई हुकूम काढला. तांबट, कासार, सोनार, लोहार यांनी हे विसरू नये. ज्या शिडीच्या मधल्या पायरीवर त्यांना उभे केले, त्या शिडीचा पाया आम्ही होतो. पण वरच्या पायरीवर त्यांनाही कधी चढू दिले गेले नाही.

६

धातू घडवण्यातून ज्यांना वगळता आले नाही, त्यांना धातू वापरण्यातून मात्र वगळण्यात आले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात खावे आणि अलंकार लोखंडाचे घालावेत, असा दंडक आहे. त्याच ग्रंथात तांबे, पितळ, कथील यांची भांडी राखेने आणि आंबट पदार्थाने शुद्ध होतात, असेही सांगितले आहे. म्हणजे भांडे विटाळले तर शुद्ध होते, माणूस मात्र कशानेच शुद्ध होत नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके बांधले जात होते, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात सांगितले आहे. एकीकडे तांबट आळीत हंडे घडत होते आणि त्याच शहरात माणसाच्या गळ्यात मातीचे भांडे लटकत होते. थुंकी पडण्यासाठी.

त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे आणि धातुविद्येच्या कोणत्याही इतिहासात तो आला पाहिजे, असे मला वाटते. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावी बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तेवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. पाणी तेच, वाट तीच, डोकीही तीच. डोक्यावरचा धातू तेवढा सहन झाला नाही. घागर हे नुसते पाण्याचे साधन असते, तर ही मारहाण झाली नसती. तांब्या-पितळेचे भांडे ही माणूसपणाची खूण आहे, हे मारणाऱ्यांना पुरते कळत होते, आणि मार खाणाऱ्यांनाही.

आमच्या घरातील पहिला पितळी हंडा आजीने मजुरीतून आणलेला. तो रोज चिंचेने घासून उंबऱ्याजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला असे. त्यात पाणी फारसे कधी भरले जात नसे. पाण्याला जर्मलची कळशी होती. लहानपणी मला हे कोडे वाटे. पुढे झानूचा मजकूर वाचला तेव्हा ते उलगडले. वस्तीवस्तीत असे हंडे असतील. संग्रहालयात त्यांना जागा मिळणार नाही, कारण त्यांची घडण साधी आहे. त्यांचा इतिहास मात्र साधा नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा लोखंडी अलंकाराचा तो दंडकही आगीत गेला. तो हंडा त्या आगीच्या अलीकडचा आहे.

७

आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे बंगालचे मोठे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली निघाला. प्राचीन भारतीयांच्या रसायनविद्येचा त्यांना सार्थ अभिमान होता. तरीही या विद्येचा ऱ्हास का झाला या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. जातिव्यवस्था घट्ट झाली, हाताने काम करणे हलके ठरले, बुद्धिजीवी वर्गाने कारागिरीकडे पाठ फिरवली. त्यामुळे 'कसे' आणि 'का' विचारणारा माणूस भट्टीपासून तुटला आणि भट्टीजवळच्या माणसाला विचारण्याची मुभा राहिली नाही. असे त्यांचे म्हणणे होते. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडणारी व्यवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. दोघांचे विचार शेजारी ठेवले की दिसते : ज्याच्या हातात हातोडा त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याने हातोडा धरायचा नाही. याची किंमत एका जातीने मोजली नाही, साऱ्या देशाने मोजली.

म्हणून आज 'परंपरागत कारागिरी वाचवा' अशी हाक ऐकू येते तेव्हा मी सावध होतो. कारागिरी वाचली पाहिजे, यात शंका नाही. स्टील आणि प्लॅस्टिक आल्यापासून तांबट आळीतले काम घटले. अलीकडे काही संस्थांच्या प्रयत्नांनी मठारकामाला नवे गिऱ्हाईक मिळू लागले आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कारागिरी वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा व्यवसाय आहेत. लोहार, सोनार, शिल्पकार यांच्याबरोबर चर्मकारही आहेत. कर्ज मिळावे, अवजारे मिळावीत, याला कोण विरोध करील? पण गुरु-शिष्य परंपरा आणि घराण्याचा धंदा यांचा गौरव सुरू झाला की प्रश्न विचारावाच लागतो. ढोराच्या मुलाने ढोरकीच करावी आणि लोहाराच्या मुलाने भाताच ओढावा, हे कौतुकाच्या भाषेत सांगितले म्हणून निराळे होते काय? बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका असे सांगितले. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. ते गेले म्हणून या लेखाचा लेखक आज वर्गात उभा राहून इतिहास शिकवू शकतो. भात्याच्या कातड्याची आठवण मी काढतो ती कातडे परत हातात घेण्यासाठी नव्हे. त्या कातड्यावर जे उभे राहिले त्यातला आमचा वाटा इतिहासात लिहिला जावा, यासाठी.

शास्त्रीय अभ्यासानेच या बाबतीत आपल्याला बळ दिले आहे. कण ठोक्याने बदलतो, वंशाने नव्हे. कौशल्य रक्तातून येत असते, तर प्रयोगशाळेत कोणत्याही जातीचा विद्यार्थी धातू तापवून, ठोकून, तपासून तेच कण पुन्हा घडवू शकला नसता. तो घडवू शकतो. म्हणजे कारागिरी ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि जी शिकता येते ती कोणालाही शिकवता आली पाहिजे. तांबटाच्या मुलीने धातुशास्त्रात संशोधन करावे आणि मातंगाच्या मुलाला मठारकाम शिकावेसे वाटले तर तांबट आळीचे दार त्याला उघडे असावे. या दोन्ही गोष्टी होतील तेव्हाच कारागिरी वाचली असे म्हणता येईल.

मंडईच्या परिसरात आणखी एक धातुविद्या रोज चालते आणि तिला कोणी विद्या म्हणत नाही. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया. पुण्यात १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. यांतल्या बहुसंख्य दलित समाजाच्या आहेत. तांब्याची तार कोणती आणि तांब्याचा मुलामा दिलेली कोणती, पितळ कोणते आणि जर्मल कोणते, हे त्या रंगावरून, वजनावरून, वाकवून, ठोकून, नादावरून सांगतात. त्यांनी वेचलेले तांबे भट्टीत जाते आणि पुन्हा पत्रा होऊन येते. धातूच्या आयुष्याचा आरंभ भात्यापाशी होता आणि पुनर्जन्म यांच्या हातून होतो. दोन्ही टोकांना आपलीच माणसे आहेत. मधला झगमगीत भाग तेवढा इतिहासाने लिहून घेतला.

आपल्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी काम पुष्कळ आहे. गावात भाता ओढलेली, कातडे कमावलेली, कोळसा पाडलेली पिढी आता झपाट्याने संपत आहे. त्यांच्याकडून विचारून घ्यावे : कातडे कोणत्या सालीने कमावत, भात्याला किती लागे, पाणी देताना लोखंडाचा रंग कसा ओळखत, मोबदला काय मिळे, कोण कोणाच्या अंगणात जाऊ शके. पाण्याला जाताना कोणते भांडे न्यायला परवानगी होती आणि कोणते नेले म्हणून मार बसला, हेही विचारावे. सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते या माणसांच्या आठवणीत आहे. कातडे कुजले म्हणून पुरातत्त्वाला ते सापडले नाही. आठवणही कुजते, आणि ती सापडली नाही तर त्याचा दोष पुरातत्त्वाला देता येणार नाही.